एका उताराच्या तीन जमिनी : वाळवा तालुक्यातील एका वाटणीचे प्रकरण

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात, कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, एका कुटुंबाच्या १२ एकर सलग रानाची वाटणी व्हायची होती. कुटुंबाच्या इच्छेनुसार येथे गावाचे किंवा माणसांचे नाव दिलेले नाही. रानाच्या वरच्या अंगाला सुमारे ५ एकर माळ आहे, मध्ये ३ एकरांची सौम्य उताराची पट्टी आहे आणि खाली ओढ्याला लागून ४ एकरांचा जवळजवळ सपाट तुकडा आहे. भाऊ तिघे असल्यामुळे प्रत्येकाला सरसकट ४ एकर द्यावेत, असे पंचांचे पहिले मत पडले. मात्र माळाचे ४ एकर आणि ओढ्याकाठचे ४ एकर यांची बरोबरी कोणत्या हिशेबाने धरायची, यावर गाडी अडली.

अडचण साधी नव्हती, कारण रानाची जुनी पत आणि आजचे उत्पन्न यांची उलटापालट झाली होती. आजोबांच्या हयातीत ओढ्याकाठच्या तुकड्यातील शाळू गावात नावाजलेला होता आणि माळ केवळ जनावरे चारण्यापुरता होता. आज धाकटा भाऊ त्याच माळावर ठिबकवर टोमॅटो आणि ढबू मिरची घेतो, तर ओढ्याकाठच्या उसाचा खोडवा जागोजागी विरळ पडला आहे आणि तळच्या कोपऱ्यात तर उगवणही होत नाही. थोरल्या भावाने पहिल्याच बैठकीत सांगितलेले वाक्य संपूर्ण प्रकरणाला पुरून उरणारे आहे : "वरच्या रानात पाणी ठरत न्हाई, अन् खालच्या रानातनं हालत न्हाई." चांगली जमीन कोणती आणि बिघडलेली जमीन पुन्हा सुधारेल का, हे दोन प्रश्न आमच्यापुढे, म्हणजे माती तपासणाऱ्यांपुढे, ठेवण्यात आले. त्यांचे उत्तर देण्यासाठी या तिन्ही मात्या मुळात कशा घडल्या, येथून सुरुवात करावी लागली. वळीव पडण्याआधी, रान कोरडे असताना, तिन्ही ठिकाणी माणूस उतरेल असे खड्डे घेतले.

जुनी आणेवारी

पंचांपैकी एका वयस्क गृहस्थांनी जुन्या आकारणीचा दाखला दिला, तो येथे नोंदवण्याजोगा आहे. मुंबई इलाख्यातील एकोणिसाव्या शतकातील मोजणीत जमिनीची प्रत मुख्यतः मातीची खोली आणि रंग यांवरून ठरत असे. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी जमीन १६ आण्यांची धरली जाई, खोली घटेल तसे आणे उतरत, आणि उतार, चुनखडी, पाणी साठणे असे दोष आढळल्यास आणखी वजावट होई. या मापाने ओढ्याकाठचा तुकडा सोळा आण्यांच्या जवळ आणि माळ दोन-तीन आण्यांचा ठरतो.

हे माप चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. मीटरभर खोल काळी माती पिकाला घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते, आणि त्या ओलीवर रब्बीचा शाळू एकही पाणी न देता निघतो, तर वीतभर मातीत असे पाणी २५-३० मिलिमीटरच्या पुढे जात नाही. ज्या काळात विहिरीपलीकडे पाणीच नव्हते, त्या काळात खोली हीच किंमत होती. नदीवरून उपसा योजनांच्या नळ्या रानात आल्यावर मात्र खोलीची गरज ओसरली आणि निचऱ्याची गरज वाढली. आणेवारीच्या हिशेबात निचरा नसणे हा वजावटीचा केवळ एक दोष होता, बागायतीत निचरा हा पहिल्या क्रमांकाचा गुण झाला. वाटणीतल्या वादाचे मूळ येथेच आहे, असे आमचे मत आहे.

खड्ड्याखालचा खडक एकच

तिन्ही खड्ड्यांच्या तळाशी, किंवा तळाच्या खाली, एकच खडक आहे : दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हे पठार घडले. थरांचा कठीण, घट्ट भाग आणि वायूच्या पोकळ्यांनी भरलेला मऊ भाग यांतील फरक विहीर खोदणाऱ्यांना भूशास्त्राच्या पदवीविना ठाऊक असतो, कारण पहिल्याला सुरुंग लागतो आणि दुसरा पहारीने निघतो.

मातीच्या दृष्टीने बेसॉल्टचे एक वैशिष्ट्य महत्त्वाचे आहे. ग्रॅनाइट झिजतो तेव्हा त्यातील क्वार्ट्झचे कण जवळजवळ जसेच्या तसे मागे राहतात आणि त्यांची वाळू होते. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ नगण्य असते. त्यात प्रामुख्याने कॅल्शियमयुक्त फेल्डस्पार, ऑजाइट आणि लोहाची ऑक्साइडे असतात, आणि ही सर्व खनिजे पाण्यापुढे तुलनेने लवकर हार मानतात. हवेतील आणि मुळांच्या श्वसनातून आलेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून सौम्य आम्ल तयार होते, ते फेल्डस्पारमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम सोडवून घेते, मागे सिलिका आणि ॲल्युमिना उरतात आणि त्यांपासून चिकणमातीची खनिजे जुळतात. लोह हवेशी संयोग पावून तांबूस होते. म्हणूनच बेसॉल्ट पूर्ण झिजला तर शेवटी बहुतांशी चिकणमाती हाती येते. ती कोणत्या जातीची असेल, हे मात्र खडक ठरवत नाही.

मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये मातीच्या घडणीचे पाच घटक मांडले : हवामान, सजीव, भूरचना, मूळ खडक आणि काळ. आपल्या १२ एकरांत खडक एक आहे, पाऊस एक आहे आणि नांगराखाली येण्यापूर्वीची झाडी व गवतही फार वेगळे असण्याचे कारण नाही. बदलते ती भूरचना, आणि भूरचनेमुळे प्रत्येक जागेच्या वाट्याला आलेले पाणी व उसंत बदलते. पूर्व आफ्रिकेतील उतारांवर काम करताना मृदाशास्त्रज्ञ जेफ्री मिल्न यांनी १९३५ च्या सुमारास हीच गोष्ट मांडली होती. एका उतारावरील मात्या एकमेकींशी साखळीने जोडलेल्या असतात, आणि वरची माती जे गमावते ते खालची कमावते.

माळ आणि मधली पट्टी

माळावरच्या खड्ड्यात वीतभर भुरकट-तांबूस माती लागली आणि लगेच मुरूम सुरू झाला. मुरमात मध्येच हाताला येईल एवढा गोल दगड होता. त्याच्यावर पहारीचा हलका ठोका दिल्यावर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकेक थर सुटत गेला आणि आत मुठीएवढा घट्ट निळसर-काळा गाभा राहिला. बाहेरचा थर बोटांनी चुरता येत होता, त्याच्या आतला नखाने खरवडता येत होता आणि गाभ्यावर पहारही टणकत होती. खडकाची माती होण्याच्या सगळ्या पायऱ्या एवढ्या लहान जागेत एकत्र पाहायला मिळाव्यात, हा योग नेहमी येत नाही. पाणी भेगांमधून शिरून ठोकळ्याला सर्व बाजूंनी घेरते आणि कोपऱ्यांवर दोन-तीन दिशांनी हल्ला होत असल्यामुळे कोपरे आधी झिजतात, म्हणून ठोकळा गोल होत जातो.

मग येथे माती वीतभरच का? झिजण्याचे काम थांबलेले नाही, परंतु उतारावर तयार झालेली माती जागेवर थांबत नाही. सेंटीमीटरभर माती घडायला शतके लागतात आणि एखाद्या जोरदार वळवात ती बांधाखाली वाहून जाते. माळाची माती त्यामुळे वयाने नेहमीच तरुण राहते. तिच्यात थरांची फारशी विभागणी नाही, खडे भरपूर आहेत, सौम्य आम्लाचे थेंब टाकले तर बुडबुडे जवळजवळ येत नाहीत, कारण चुना साठण्याआधीच पाण्यासोबत निघून जातो. नत्र आणि सेंद्रिय कर्ब कमी, पाणी धरण्याची ताकद कमी, पण हवा खेळती आणि निचरा उत्तम. थोडे-थोडे पाणी आणि त्यातूनच खत देणाऱ्या ठिबकला अशी जमीन फार मानवते, आणि धाकट्याच्या यशाचे निम्मे श्रेय या निचऱ्याला जाते. उरलेले निम्मे त्याच्या कष्टांना द्यावे लागेल, कारण अशा रानात दोन दिवस पाणी चुकले तर पीक माना टाकते.

मधल्या पट्टीत माती गुडघाभर खोल, तपकिरी आणि मध्यम पोताची आहे. खाली मुरूम आहे, वर ढेकूळ हाताने फुटते, वापसा दोन-तीन दिवसांत येतो आणि हळद बरी होते. या पट्टीबद्दल भावांमध्ये तक्रार नव्हती आणि आमच्याकडेही अधिक सांगण्यासारखे नाही.

ओढ्याकाठची काळी

खालच्या तुकड्यात दोन खड्डे घ्यावे लागले, कारण तुकड्याचा वरचा भाग अजून शाबूत होता आणि तळचा कोपरा बिघडलेला. आधी शाबूत भागाविषयी.

वर भेगा एवढ्या रुंद होत्या की पालथी मूठ आत जाई, आणि सोडलेली काठी कमरेइतकी खोल उतरली. खड्ड्याच्या भिंतीत पाच फुटांपर्यंत काळी चिकणमातीच होती. तीन-साडेतीन फुटांवर मातीचा मोठा ढेकूळ काढून फोडला असता त्याचे तिरके पृष्ठ घासून गुळगुळीत केल्यासारखे चकाकत होते आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे स्पष्ट दिसत होते. पावसाळ्यात फुगलेली माती बाजूला जागा न मिळाल्याने तिरकी सरकते आणि एक ढेकूळ दुसऱ्यावर घासला जातो, त्याच्या या खुणा आहेत. भेगांतून वरची भुसभुशीत माती दरवर्षी खाली पडते, पावसात तळ फुगतो आणि मधली माती वर ढकलली जाते. अशा रीतीने ही जमीन स्वतःला आतून सतत कालवत असते, म्हणून पाच फुटांत रंगाचा ठळक बदल आढळत नाही. अशा रानात बांधलेल्या घराच्या भिंतीला तडे जातात, हे या भागात सर्वांना माहीत असल्यामुळेच जुनी गावठाणे शक्यतो काळी सोडून मुरमावर वसलेली दिसतात.

हा सगळा खेळ माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचा, किंवा अधिक नेमके सांगायचे तर स्मेक्टाइट या खनिज-गटाचा आहे. त्याच्या पातळ पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरते तेव्हा ते फुगते आणि पाणी निघून गेले की आक्रसते. हे खनिज जुळून येण्यासाठी सिलिका आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे क्षारधर्मी घटक भरपूर लागतात, आणि ते जागेवर टिकावे लागतात. माळावर आणि मधल्या पट्टीत खडकातून सुटलेले हे घटक पाण्याबरोबर उतारावरून खाली आले, ओढ्याकाठी पाण्याचा वेग मंदावला, वार्षिक पाऊस ६००-७०० मिलिमीटरच्या घरात असल्यामुळे ते धुऊन नेण्याइतके जास्तीचे पाणी नव्हते, आणि हजारो वर्षांत येथे स्मेक्टाइट साठत गेले. जास्तीचे कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने खाली बसले. अडीच फुटांखाली हरभऱ्याएवढे ते सुपारीएवढे पांढुरके खडे लागले आणि त्यांवर आम्ल टाकताच जोरात फसफस झाली.

काळ्या रंगाविषयी एक समज खोडून काढणे आवश्यक आहे. काळी जमीन म्हणजे सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध जमीन, असे शेतकरीच नव्हे तर खते विकणारेही सांगतात. या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, अनेकदा त्याहूनही कमी. थोडा ह्यूमस, म्हणजे कुजलेला सेंद्रिय पदार्थ, स्मेक्टाइटच्या कणांशी घट्ट बांधला गेल्याने आणि खडकातील काळ्या लोह-टायटॅनियम खनिजांमुळे हा रंग येतो, त्यामुळे रंग पाहून शेणखताचा हात आखडण्याचे कारण नाही. या मातीची खरी श्रीमंती वेगळ्या ठिकाणी आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश यांसारखी अन्नद्रव्ये कणांच्या पृष्ठभागावर धरून ठेवण्याची तिची क्षमता मोठी असते, आणि हीच क्षमता पुढे सोडियम आल्यावर तिच्या मुळावर उठते.

उगमाकडे एक नजर

हाच बेसॉल्ट कृष्णेच्या उगमाशी, सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरला, अगदी वेगळी माती देतो. तेथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पाचगणीच्या टेबललँडवर आणि कासच्या पठारावर जांभ्याची टोपी आहे. जांभा आजच्या पावसाने घडवलेला नाही, तो फार प्राचीन उष्ण-दमट काळातला आहे. तरी त्यामागचे तत्त्व हेच की पाणी भरपूर आणि त्याला खाली निघून जाण्याची वाट मोकळी असेल, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम धुऊन जातात, पाठोपाठ सिलिकाही जाते, आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे तेवढी मागे राहतात. चिकणमाती उरते तीही न फुगणाऱ्या केओलिनाइटची. त्यामुळे घाटमाथ्याची तांबडी माती आम्लधर्मी आहे आणि वाळव्याची काळी अल्कधर्मी. पूर्वेला माण-खटावकडे, जेथे पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास उतरतो, तेथे झिजेचा वेगच मंदावतो आणि माळच्या माळ उथळ मुरमाड राहतात.

ही तुलना या प्रकरणात विनाकारण आणलेली नाही. उसाला पाटाने पाणी देण्याची रीत धरली तर वर्षाला दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी रानात ओतले जाते. म्हणजे ओढ्याकाठच्या या तुकड्याला गेली काही दशके स्वतःच्या पावसाच्या तिप्पट-चौपट पाणी मिळत आहे. पाणी जवळजवळ घाटाखालच्या प्रदेशाइतके, पण माती फुगून बंद होणारी आणि उतार नाही, असा हा मेळ आहे. जांभ्याच्या मुलखात पाण्याने क्षार नेले, येथे पाण्याने ते आणले आणि ठेवून गेले.

बिघाड कसा झाला

तळच्या कोपऱ्यातील खड्डा चार फुटांपर्यंत जाताच तळाशी पाणी झिरपू लागले. मे महिन्यात, शेजारी पालथी मूठ जाईल अशा भेगा असताना, येथे एकही भेग नव्हती. पाण्याची पातळी पाच-सहा फुटांच्या आत आली की केशाकर्षणाने पाणी पृष्ठभागापर्यंत चढते, वर उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार वर राहतात. बांधाच्या कडेने पांढरा थर फुटला होता, त्याला येथे मीठफुटी म्हणतात. त्यापासून दहा-बारा पावलांवर मात्र पृष्ठभाग पांढरा नसून काळपट, तेलकट दिसत होता.

या दोन डागांना एकच नाव देण्याची चूक सर्रास होते. पांढऱ्या भागाच्या नमुन्यात विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप, ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली होती आणि विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला, सोडियमही १५ टक्क्यांपुढे होता, म्हणजे तो भाग क्षारयुक्त-चोपण (क्षार आणि सोडियम दोन्हींनी बिघडलेला). काळपट भागात क्षार कमी होते, पण सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि सोडियमचे प्रमाण तसेच जास्त होते, म्हणजे तो निव्वळ चोपण (फक्त सोडियमने बिघडलेला). तेलकट काळेपणा येतो तो सोडियममुळे ह्यूमस विरघळून वर आल्याने. काळ्या मातीच्या बाबतीत १५ टक्क्यांची मर्यादाही सैल आहे, कारण स्मेक्टाइट जास्त असलेल्या जमिनीत त्याहून बरेच कमी सोडियम असतानाही निचरा मंदावलेला दिसतो.

वस्तीवरच्या कट्ट्यावर तीन काचेचे पेले ठेवून भावांना हे दाखवले. प्रत्येकात साठवलेले पावसाचे पाणी आणि त्यात एकेका रानाचा वाळलेला लहान ढेकूळ सोडला, ढवळले नाही. माळाचा ढेकूळ खडे-माती होऊन तळाशी बसला आणि पाणी स्वच्छ राहिले. शाबूत काळीचा ढेकूळ फुगून बारीक कणीदार तुकड्यांत मोडला, पाणी थोडे गढूळ होऊन निवळले. चोपण भागाच्या ढेकळाभोवती काही मिनिटांतच गढूळ वलय पसरू लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही पेल्याचा तळ दिसत नव्हता. कॅल्शियम मातीचे कण एकत्र बांधून ठेवतो. त्याची जागा सोडियमने घेतली की कण सुटे होतात, पाण्यासोबत सरकून छिद्रे बुजवतात आणि वाळल्यावर पृष्ठभाग टणक होतो. हंगामी नांगरटीने हे सुधारत नाही.

सोडियम आला कोठून? फेल्डस्पारमधून तो थोडा-थोडा सुटतच असतो आणि उतारावरून येणाऱ्या झिरपणीबरोबर खाली येतो. त्यात गेल्या काही वर्षांत कूपनलिकेच्या पाण्याची भर पडली. बायकार्बोनेट जास्त असलेले पाणी जमिनीत वाळते तेव्हा त्यातील कॅल्शियम चुनखडी होऊन बाहेर पडतो आणि सोडियम तेवढा द्रावणात उरतो, त्यामुळे प्रत्येक पाण्यागणिक पारडे सोडियमकडे झुकते. थोरल्या भावाला आणखी एक गोष्ट समजत नव्हती, ती अशी की मोठ्या पावसानंतर पांढरा थर नाहीसा होई, तरी रान पूर्वीपेक्षा अधिक बंद पडे. कारण क्षार जास्त असताना ते कणांना काही अंशी एकत्र धरून ठेवतात. पावसाने ते धुतले पण कणांवरचा सोडियम तसाच राहिला, तर क्षारयुक्त-चोपण भागाचा निव्वळ चोपण होतो. पांढरा आणि काळपट डाग शेजारी-शेजारी असण्याचा उलगडा येथे होतो.

उपाय आणि वाटणी

उपायांत क्रमाला महत्त्व आहे. पहिले काम निचऱ्याचे, कारण निघून जायला वाट नसेल तर सोडियम सोडवूनही तो तेथेच राहणार. मोल नांगराने जमिनीखाली पोकळ नाळ पाडण्याची पद्धत स्वस्त पडते, परंतु ती घट्ट टिकणाऱ्या चिकणमातीत चालते. चोपण माती विरघळून नाळ ढासळते, म्हणून येथे गाळण गुंडाळलेली सच्छिद्र पाइप तीन-चार फूट खोल, ओढ्याकडे उतार देऊन टाकण्याची शिफारस केली. क्षारपड जमिनी सुधारण्याचे काम या जिल्ह्यातच कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रावर झालेले असल्यामुळे पाइपांमधील अंतराचा सल्ला तेथूनच घ्यावा, असे सुचवले. मधल्या पट्टीच्या आणि खालच्या तुकड्याच्या हद्दीवर उघडा चर काढून वरून येणारी झिरपण आधीच अडवावी, हा याच कामाचा भाग आहे.

त्यानंतर जिप्सम. जमिनीतच चुनखडीचे खडे असताना बाहेरून कॅल्शियम कशाला, हा मधल्या भावाचा प्रश्न रास्त होता. लिटरभर पाण्यात जिप्सम साधारण अडीच ग्रॅम विरघळते, तर चुनखडी ग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास, आणि सामू वाढला की त्याहूनही कमी. कॅल्शियम जमिनीत आहे पण कुलपात आहे. गंधक टाकून, किंवा शेणखत व धैंचा हे हिरवळीचे पीक गाडून तयार होणाऱ्या आम्लाने ते कुलूप हळूहळू उघडता येते, म्हणून जिप्सम मिसळून चांगल्या पाण्याने निचरा झाल्यावर धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडायचे ठरले. जिप्समची मात्रा माती परीक्षणातील गरजेनुसारच ठरवावी. शेजाऱ्याने एकरी दोन टन टाकले म्हणून आपणही टाकायचे, हा खाक्या पैसे वाया घालवणारा आहे. ऊस तीन वर्षे तरी या तुकड्यात पाटाने घेऊ नये, हे थोरल्यांना पटवण्यात सर्वांत जास्त वेळ गेला.

वाटणी शेवटी एकरांवर झाली नाही. थोरल्यांनी ओढ्याकाठचे चारही एकर आणि मधल्या पट्टीतील एक एकर घेतला, मधल्याला पट्टीतील दोन आणि माळाचा दीड एकर आला, धाकट्याने माळाचे साडेतीन एकर ठेवले. निचऱ्याचा आणि जिप्समचा खर्च तिघांनी समान उचलायचा ठरला. धाकट्याचा त्याला प्रथम विरोध होता, आपल्या रानात नसलेल्या पाइपचे पैसे आपण का द्यावेत, असे त्याचे म्हणणे होते. खालच्या रानातले पाणी आणि क्षार काही अंशी वरच्या दोन रानांतून उतरतात, हे पेल्यांपेक्षा तळच्या खड्ड्यात दिसलेल्या झिरपणीने त्याला अधिक पटले.

वाटणीपत्रात तीन गोष्टी स्वतंत्र कलमांनी नोंदवण्यात आल्या : हद्दीवरचा चर कोणीही बुजवायचा नाही, मधल्या पट्टीच्या मालकाने आपले जादा पाणी खालच्या रानात न सोडता चरात सोडायचे, आणि पाइपचे तोंड ओढ्याच्या पाण्याच्या पातळीच्या वर उघडे राहील याची देखभाल थोरल्यांकडे राहील. ओढ्याचे पात्र गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी भरून उथळ झाले आहे. खालच्या अंगाच्या दोन शेतकऱ्यांनी गाळ काढू देण्यास संमती दिली आहे, तिसऱ्याची अद्याप मिळालेली नाही, त्यामुळे पाइप टाकण्याचे काम दिवाळीनंतरच्या उघडिपीवर ठेवले आहे. तोपर्यंत या खरिपात तळच्या कोपऱ्यात काहीही न पेरता फक्त हद्दीवरचा चर खोदून घेतला जाईल.